चाल की दुडकी: चार पायांच्या मॉडेलचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं

भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत ‘स्टार वॉर्स’मधलं एटी-एटी बनवायला घेतलं. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये बर्फावरून चालत येणारं ते चार उंच पायांचं चिलखती वाहन. अंग सनबोर्डचं, सांध्यांना सायकलच्या स्पोकचे तुकडे, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली पिवळी बीओ (बॅटरीवर चालणारी) मोटर. मोटर एकच, तिच्यावर चार क्रँक. गिरगावात गणपतीतले हलते देखावे बघत वाढलेल्या पोराला क्रँक समजावून सांगावा लागत नाही. चाक गोल फिरतं, त्यावरच्या खिळ्यात अडकवलेली काठी मागेपुढे होते.

मॉडेल मात्र दोन पावलांत कलंडलं. त्याला हवी होती चाल, आणि त्याने बांधली होती दुडकी.

दोन्हींत चारही पाय पाळीपाळीने उचलले जातात, म्हणून बघणाऱ्याची गल्लत होते. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा घोडा सावकाश चालतो तेव्हा चारही पाय एकेकदा पडण्याच्या एका फेऱ्यात चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात. दुडकीला लागला की दोनच, कारण तिरक्या जोडीतले दोन पाय एकदम पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट.

संथ चालीत एका वेळी एकच पाय हवेत असतो. उरलेल्या तीन पायांचा त्रिकोण होतो आणि वजनाचा मध्य त्या त्रिकोणात राहिला तर मोटर कुठेही थांबवा, मॉडेल उभं राहतं. दुडकीत जमिनीवर दोनच पाय, म्हणजे त्रिकोण नाही, नुसती रेघ. घोडा त्या रेघेवर तोल सांभाळत उभा नसतो. पडायच्या आत तो दुसरी जोडी टेकवतो. त्याचा तोल वेगात आहे. मिनिटाला वीसेक पावलं टाकणाऱ्या सनबोर्डच्या खोक्याकडे तो वेग कुठून येणार?

एटी-एटीला तर दुडकी शोभतही नाही. त्या चित्रपटाच्या ॲनिमेटरांनी हत्तीची चाल अभ्यासून हे वाहन हलवलं होतं, आणि हत्ती दुडकी चालत नाही. वेग वाढवला तरी त्याच्या पायांचा क्रम तोच राहतो: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चार पाय एकेक करून उचलायचे सहा क्रम संभवतात. मॅकगी आणि फ्रँक या संशोधकांनी १९६८ मध्ये गणिताने दाखवलं की त्यांत तोलाला सर्वांत भक्कम हाच.

मग मी भाच्याला सांगितलं, की तिरक्या जोडीचे खिळे एका दिशेला ठेवू नकोस, चारही क्रँक या क्रमाने ९० अंशांच्या फरकाने लाव. त्याने लावले. मॉडेल आधीपेक्षा लवकर पडलं, आणि तेही आडवं. चूक माझ्या सल्ल्यातच होती, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. साध्या क्रँकवर पाय अर्धा फेरा जमिनीवर आणि अर्धा हवेत असतो. मागचा डावा अजून टेकलेला नसतानाच पुढचा डावा उचलला जातो, म्हणजे पाव फेरा डाव्या बाजूला आधारच नाही! पुढे उजवीकडेही तेच. एका वेळी एकच पाय वर हवा असेल तर प्रत्येक पाय फेऱ्याचा पाऊण भाग जमिनीवर राहायला हवा. नुसता क्रम बदलून चाल होत नाही, वेळेची वाटणीही बदलावी लागते.

पी. एल. चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाचं चालणारं यंत्र १८७८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं होतं. त्यातही तिरक्या जोड्याच एकत्र हलतात. त्याच वर्षी छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्याची छायाचित्रं टिपली. एकीकडे दांड्यांची दुडकी आणि दुसरीकडे हाडामांसाची, हा योगायोग मला फार आवडतो.

पाऊण-पाव वाटणीसाठी धातू तासणाऱ्या शेपर मशीनमध्ये असते तशी रचना लागते, जिच्यात दांडा एकीकडे संथ जातो आणि चटकन परततो. शिवाय पाय उचलायला कॅम, म्हणजे फिरताना दांडा वर ढकलणारं उंचवट्याचं चाक. दुसरा मार्ग म्हणजे पायागणिक दोन, असे आठ सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या छोट्या मोटरी. मग ही वाटणी प्रोग्रॅममध्ये लिहिता येते. मात्र नऊ ग्रॅमवाल्या एसजी-९० या सर्वोवर फार विसंबू नका. ४.८ व्होल्टवर त्याचा जोर १.८ किलो-सेंटिमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या आडव्या दांड्याच्या टोकाला जेमतेम १८० ग्रॅम.

भाच्याने क्रँकच ठेवायचं ठरवलं आहे. नवे क्रँक कापण्याआधी आम्ही मॉडेल शहाबादी लादीवर उभं करून एकेक पाय हाताने उचलून बघतो. पुढचा पाय उचलला की ते नाकावर येतं, कारण डोकं पुढे लोंबतं. म्हणून सेलचा डबा बोटभर मागे सरकवायचा. पण फार मागे गेला तर मागचा पाय उचलताना बसकण मारतं. काल रात्री जागा सापडली, मागच्या सांध्याच्या जरा पुढे. तिथे त्याने पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.