रोजगार हमी, कौशल्य योजना आणि साठीपुढचे कामगार

उतारवयातल्या माणसांना गावाच्या उपयोगाचं काम द्यावं, ही कल्पना सांगली-साताऱ्यात आज नवी वाटते. तिचा निम्मा भाग मात्र १९६५ मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिलेला आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिथं मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जतची माणसं खडी फोडायला, पाझर तलावांवर गेली, तेव्हा हीच कल्पना राज्यभर पोचली. पगारदारांचा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो याच खर्चासाठी. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

कायद्याला माणूस सज्ञान असला की पुरे. वयाची वरची मर्यादा नव्हती. त्यामुळे मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, म्हाताऱ्यांची नावं लागायची. पण मजुरी मोजमापावर, खड्डा जेवढा तेवढे पैसे. वय कुणी विचारत नव्हतं, तरी टेप लावली की ते कळायचंच! पाणी वाटण्यासारखी हलकी कामं असायची, पण थोडी. शिकवण्याचा तर विषयच नव्हता.

योगायोग असा, की त्याच १९६५ मध्ये अमेरिकेत ‘ग्रीन थंब’ सुरू झालं: वयस्कर, गरीब शेतकऱ्यांना महामार्गांच्या सुशोभीकरणाचं काम. अशा प्रयोगांतून पुढं पंचावन्न वर्षांवरच्या गरिबांसाठी कायमची योजना झाली. शाळा, ग्रंथालयांसारख्या ठिकाणी आठवड्याला साधारण २० तास काम, किमान वेतन, कामातच शिक्षण आणि नंतर बाहेरची नोकरी. शिकवणं आणि नोकरीला लावणं हे दोन्ही त्यांनी कामालाच जोडलं.

आपल्याकडं कौशल्याचं वारं आलं ते तरुणांच्या बाजूनं. राज्याच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन आहे, पण वय १८ ते ३५. साठीपुढच्यांसाठी केंद्रानं ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सेक्रेड’ हे नोकरीसाठी नाव नोंदवायचं पोर्टल काढलं. तिथं शिक्षण, अनुभव, कौशल्य नोंदवायचं. नोकरीची हमी नाही. बँकेतून निवृत्त झालेल्याला हे जमून जाईल. आयुष्यभर बांधबंदिस्ती केलेल्या आटपाडीच्या बाईला आधी तो अर्ज भरून देणारं कुणीतरी लागेल, आणि दगडी बांध रचता येणं हे कौशल्य म्हणून मानणारा मालकही.