हरताळाचा सोमल होतो तेव्हा

'साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चित्र, पण रंग बघा, काल काढल्यासारखे!' डच फळचित्रांबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. अर्धवट सोललेलं लिंबू, टेबलाच्या कडेवरून लोंबणारी त्याची साल अजून रसरशीत दिसते, कारण असं लिंबू बऱ्याचदा शिसं आणि कथिल यांच्या टिकाऊ पिवळ्यानं रंगवलेलं असतं. पण शेजारची पानं नीट पाहा. कित्येक चित्रांत ती चक्क निळी दिसतात. निळ्यात वनस्पतींपासून काढलेला पिवळा मिसळून तो हिरवा केला होता. उजेडानं पिवळा विटला आणि निळा मागे राहिला.

मला खरं वेड लावलं ते तिसऱ्याच पिवळ्यानं. हरताळानं! पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला ज्याचा लेप देत, तोच हा. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिक सल्फाइड: आर्सेनिकचे दोन अणू, गंधकाचे तीन. सोन्यासारख्या झळाळीमुळे सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी तो फळाफुलांसाठी वापरला.

पण उजेड पडत राहिला की आर्सेनिक आणि गंधक यांच्यातले बंध तुटतात. सुटलेल्या आर्सेनिकला ऑक्सिजन चिकटतो आणि तयार होतो पांढरा आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल. तो पाण्यात थोडासा विरघळतो, त्यामुळे हवेतल्या दमटपणाच्या आधारानं आर्सेनिक रंगाच्या थरांतून सरकू लागतं. वाटेत त्याचं आणखी ऑक्सिडीकरण होऊन आर्सेनेट बनतं. चित्रात सफेद्यामुळे, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगामुळे, शिसं मुबलक असतंच. दोघांची गाठ पडली की लेड आर्सेनेटचे रंगहीन, घट्ट स्फटिक जमतात. जिथे हरताळाचा एक फटकाराही मारला नव्हता, अशा थरांतही मग आर्सेनिक सापडतं.

(हरताळ 'नैसर्गिक खनिज' आहे, म्हणून त्याचं भस्म निर्धोक, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आर्सेनिक खाणीतून आलं म्हणून कमी विषारी होत नाही.)

चित्रांतल्या हरताळाच्या या बदलाचा सुंदर अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. चित्र अब्राहम मिनॉनचं. तो उट्रेख्टमध्ये फळाफुलांचा थोर चितारी यान डेव्हिड्स डे हेम याच्याबरोबर काम करायचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या या चित्रात घड्याळाशेजारी फुलं आहेत. त्यातला पिवळा गुलाब आज सपाट दिसतो, पाकळीवर पाकळी असल्याचं जाणवतच नाही. संशोधकांनी चित्रावर बिंदूबिंदूनं क्ष-किरण सोडले. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतं, त्यावरून फक्त आर्सेनिकचा नकाशा काढता आला. त्या नकाशात मिनॉनच्या कुंचल्याचे फटकारे, पाकळ्यांचे उजेड-सावलीचे चढउतार स्पष्ट उमटले. डोळ्यांना न दिसणारा गुलाब आर्सेनिकनं जपून ठेवला होता.