उजवीकडे हँडल, डावीकडे वळण

चार मोटारसायकली डावीकडे वळताहेत आणि चौघांचीही पुढची चाकं उजवीकडे रोखलेली. ब्रिटनमधल्या स्पीडवेचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीचा, फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी नजर तिथेच अडकली. हँडल एकीकडे आणि गाडी भलतीकडे, तरी पडत कुणीच नाही. या खेळाचा नाद मला त्या फोटोपासून लागला. मग एका हंगामातल्या सामन्यांचे आकडे चाळायची सवय लागली, आणि त्या उजव्या हँडलचं उत्तर शोधता शोधता माती, मिथेनॉल आणि बेरीज-भागाकार इथपर्यंत येऊन पोहोचलो.

आधी गाडी बघू. ५०० सीसीचं एकच सिलिंडर, गियरही एकच, वजन किमान ७७ किलो आणि ब्रेक नाहीत. पुढे नाही, मागेही नाही. नियमानेच बंदी आहे. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण कारण सरळ आहे. चार जण एकमेकांना खेटून वळणात शिरतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे थेट त्याच्या अंगावर जातील. शिवाय वेग कमी करायचं काम वळणातली घसरणच करते. लंबगोल मैदानाच्या चार फेऱ्या, त्याही घड्याळाच्या उलट दिशेने, आणि साधारण मिनिटभरात खेळ खलास. अशा एका शर्यतीला ‘हीट’ म्हणतात. इंग्लंडमधल्या पीटरबरोचा ट्रॅक ३३६ मीटरचा होता. चार फेऱ्यांचे झाले १,३४४ मीटर. ते ६० सेकंदांत कापले तर सरासरी वेग ताशी ८० किलोमीटर पडतो, तोही उभ्या जागेवरून सुटून.

आता वळण. समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की केंद्राकडचं त्वरण ९.३ येतं. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण ९.८ आहे, म्हणजे जवळजवळ तेवढंच. गाडी आणि स्वार मिळून दीडशे किलो धरले, तर त्यांना आत वळवत ठेवायला त्यांच्या वजनाइतकंच बल आडवं लावावं लागतं. डांबरावर ते टायरच्या घर्षणातून मिळू शकतं. इथे खाली भुसभुशीत माती आहे. टायर तिला धरतो न धरतो तोच ती निसटते. मग एवढं बल येतं कुठून?

ते येतं मागच्या चाकाकडून. स्वार वळणाच्या तोंडाशी गाडी डावीकडे झोकतो, मागचं चाक बाहेर घसरू देतो आणि थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची उजवी मूठ, उघडाच ठेवतो. गाडीचं तोंड आता तिच्या वाटेपेक्षा बरंच जास्त आत वळलेलं असतं. मागचं चाक गाडीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने फिरत माती मागे आणि बाहेर फेकतं, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे माती गाडीला पुढे आणि आत ढकलते. फोटोत मातीचा जो फवारा दिसतो ना, तो ज्या दिशेला उडतोय त्याच्या उलट दिशेला ते बल लागतंय असं समजा. आता पुढच्या चाकाकडे पुन्हा बघा. ते उजवीकडे वळलेलं नाहीच. गाडी ज्या वाटेने खरोखर चालली आहे, ते जवळपास त्याच दिशेने आहे. त्याच्याभोवती गाडीचं अंगच डावीकडे वळलंय, म्हणून आपल्याला हँडल उजवीकडे दिसतं.

याच्या पुढची पायरी मला सगळ्यात सुंदर वाटते. घसरणाऱ्या चाकावरचं घर्षण नेहमी घसरण्याच्या उलट दिशेने लागतं, आणि इथे घसरण दोन प्रकारची आहे. चाक जागच्या जागी जास्त फिरल्यामुळे मागे होणारी, आणि गाडी आडवी गेल्यामुळे बाहेर होणारी. थ्रॉटल वाढवला की पहिली वाढते आणि घर्षणाची दिशा चाकाच्या रोखाकडे झुकते. कमी केला की दुसरीचा वाटा मोठा होतो आणि बल चाकाला आडवं लागायला लागतं. म्हणजे उजव्या मनगटाच्या हालचालीने स्वार बलाची दिशाच फिरवत असतो. आपल्या गाडीवर थ्रॉटल फक्त वेगासाठी असतो. इथे निम्मं हँडल त्या मनगटात आहे.

म्हणून नवशिक्याचा घात होतो. घाबरून त्याने थ्रॉटल सोडला की मागचं चाक माती पकडतं, गाडी खटकन सरळ होते आणि थेट बाहेरच्या कुंपणाकडे सुटते. या खेळात घसरणं रोजचं आहे. भीती असते ती नको त्या क्षणी मिळणाऱ्या पकडीची. आता वळणांवर हवा भरलेली कुंपणं असतात आणि स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते, तो गाडीवरून उडाला की दोरी निसटून इंजिन बंद पडतं. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधतात. वळणात तो पाय जमिनीवर घासत जातो आणि गाडीचा तोल त्याच्या आधाराने राहतो.

इंजिनात पेट्रोल नसतं, मिथेनॉल असतं. एक किलो मिथेनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्मीही ऊर्जा नाही, म्हणून हे उलटं वाटेल. पण इंजिनाला अडवते ती हवा. सिलिंडरमध्ये एका वेळी ठरावीकच हवा मावते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या वर हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलोंच्या आतच भागतं. तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त मिथेनॉल जाळता येतं आणि तूट भरून निघते. वर त्याची वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषतं, आत येणारी हवा थंड आणि दाट होते, आणि इंजिन खूप दाबलं तरी अवेळी स्फोट होत नाहीत. धोका एकच, पण मोठा: मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळपास दिसत नाही. जुने प्रेक्षक मात्र या खेळाची आठवण वासाने सांगतात. इंजिनात एरंडेलापासून बनवलेलं वंगण घालत, ते जळाल्याचा वास संध्याकाळभर स्टेडियमवर रेंगाळायचा.

पण इंजिनाइतकीच शर्यत ठरवते ती माती. तिला तिकडे शेल म्हणतात, खडकाचा तांबूस चुरा. तालमीतली माती जशी रोज उकरून, भिजवून, हाताने पारखून तयार करतात, तसाच हा ट्रॅक जपावा लागतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि कोरड्या वाळूचा ढासळतो. कणांच्या मध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि पृष्ठताणाने ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. पाणी कमी पडलं की धूळ, जास्त झालं की चिखल. सामना चालू असताना मध्येच टँकर येऊन पाणी मारून जातो आणि ट्रॅक्टर माती पुन्हा सारखी करतो, ते यासाठी. मँचेस्टरमधल्या बेल व्ह्यू क्लबचं नवं स्टेडियम मार्च २०१६ मध्ये उघडलं, तेव्हा उद्घाटनाचाच सामना रद्द करावा लागला. प्रेक्षक आले होते, स्वार तयार होते, पण ट्रॅक शर्यतीच्या लायकीचा नव्हता. माती जमली नाही तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

आणि ही माती जागेवर राहत नाही. प्रत्येक हीटमध्ये चार मागची चाकं तिला बाहेर फेकत असतात. पहिल्या काही हीटमध्ये आतली वाट सगळ्यात छोटी म्हणून फायद्याची असते. हळूहळू आतला भाग घासून टणक आणि गुळगुळीत होतो, मोकळी माती कुंपणाजवळ साचते. आता लांबच्या बाहेरच्या वाटेवर पकड जास्त मिळते, आणि अंतर जास्त पडूनही बाहेरून जाणारा पुढे निघू शकतो. हा बदल कुठल्या हीटनंतर होईल हे त्या दिवशीचं ऊन, वारा आणि टँकरवाल्याचा हात ठरवतो. स्वार सुरुवातीच्या रेषेपाशी उभा राहून बुटाने जमीन टोकरतो, तेव्हा तो हेच वाचत असतो.

ब्रिटनमध्ये हा खेळ ऑस्ट्रेलियातून आला. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीचला झालेली शर्यत तिथली पहिली मानतात, आणि पुढच्याच वर्षी संघांच्या लीग सुरू झाल्या. आज मार्च ते ऑक्टोबर असा हंगाम असतो. सात जणांचा संघ, सामन्यात १५ हीट, प्रत्येक हीटमध्ये दोन यजमान आणि दोन पाहुणे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. १५ हीटचे एकूण ९० गुण. म्हणून सामने ४६-४४ असे सुटतात आणि शेवटच्या हीटपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं.

संघ बांधायचं गणित वेगळंच आहे. प्रत्येक स्वाराची सरासरी काढतात: मिळवलेले गुण, गुणिले चार, भागिले धावलेल्या हीट. सोबत्याच्या पाठोपाठ आणि प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहिला तर त्यात बोनस गुण धरतात, म्हणजे सोबत्याला मागे टाकण्यापेक्षा त्याची पाठ राखण्याला किंमत मिळते. २२ हीटमध्ये ४४ गुण आणि ६ बोनस असतील तर सरासरी ९.०९ येते. हंगामाच्या सुरुवातीला सातही जणांच्या सरासरींची बेरीज एका मर्यादेत बसवावी लागते आणि ती मर्यादा चाळिशीच्या आसपास असते. चाळीसच का, हे कागदावर मांडून पाहिलं की उलगडतं. हीटचे ६ गुण चौघांत वाटले तर दरडोई दीड. चार हीटचे झाले ६. सात जणांचे ४२. म्हणजे मर्यादा सांगते की तुमचा संघ कागदावर सर्वसाधारणच असला पाहिजे. जिंकायचं तर असे लोक शोधा, जे आपल्या आकड्यापेक्षा चांगले धावतील.

आणि इथेच मला २०२१ चा हंगाम आठवतो. कोविडमुळे २०२० चा हंगाम पूर्ण बुडाला होता. २०२१ च्या प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सहाच संघ उतरले. त्यांतल्या पीटरबरो पँथर्सने जमवलेल्या संघाची बापलोकांची पलटण म्हणून थट्टा झाली. स्कॉट निकल्स आणि ब्यार्न पेडरसन ४३ वर्षांचे, हान्स अँडरसन आणि उलरिक ओस्टरगार्ड ४० चे, ख्रिस हॅरिस चाळिशीच्या उंबरठ्यावर. सोबतीला जॉर्डन पॅलिनसारखा कोवळा पोरगाही होता. ऑक्टोबरमध्ये अंतिम फेरीत बेल व्ह्यूला हरवून विजेतेपद याच संघाने नेलं.

वय झालेल्या स्वाराची सरासरी खाली आलेली असते, म्हणून तो मर्यादेत सहज बसतो, हे गणित झालं. पण माझ्या मते एवढ्यावर भागत नाही. वीस-वीस वर्षं ही मंडळी वेगवेगळ्या मातीवर धावली होती. वुल्व्हरहॅम्प्टनचा ट्रॅक २६४ मीटरचा, शेफील्डचा ३६१ चा. गियर एकच असल्यामुळे ट्रॅक बदलला की मागच्या चाकाचं दातेरी चक्र बदलायचं, आणि त्या चक्रातल्या एका दाताच्या फरकाने सुटताना गाडी जोरात उसळते किंवा सरळ पट्ट्यावर दमते. किती दाते लावायचे, कुठल्या हीटनंतर बाहेरची वाट धरायची, मनगट केव्हा अर्ध्या पेराने सैल करायचं, हे पायांनी आणि पाठीच्या कण्याने शिकावं लागतं. त्या हंगामात जिंकलं ते हे शिक्षण, असं मी मनापासून मानतो.

पीटरबरोच्या मैदानावर १९७० पासून स्पीडवे चालू होतं. त्या जागेवर घरं आणि इतर बांधकाम करायची योजना पुढे आली आणि २०२३ च्या हंगामानंतर तिथल्या शर्यती थांबल्या. वुल्व्हरहॅम्प्टनचा २६४ मीटरचा ट्रॅकही त्याच वर्षी बंद झाला. २०२१ मध्ये विजेतेपदाची वाट ज्या मातीवरून गेली होती, ती कुंपणाकडून ओढून पुन्हा सारखी करायला आता तिथे ट्रॅक्टर फिरत नाही.