जिमच्या मशिनचं वय वेगळं आणि रक्तावरून काढलेलं वय वेगळं

सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी 'माझं बॉडी एज ३६ आलं' म्हणून जिमच्या मशिनचा फोटो टाकतं, खाली दुसरं कुणी ब्लड रिपोर्टवरून काढलेलं ४७ टाकतं आणि मग कोण जास्त फिट यावर कोथरूडपासून बाणेरपर्यंतचे सगळे तुटून पडतात. अहो, या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

मशिनचं तुम्हाला माहितीच आहे. अनवाणी उभं राहायचं, हँडल धरायचं, अंगातून बारीकसा करंट जातो, त्यावरून फॅट-मसलचा अंदाज, त्यावरून बीएमआर (म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला जाळतं त्या कॅलरी), आणि तो कुठल्या वयाच्या सरासरीशी जुळतो ते तुमचं 'वय'. मसल जास्त तर वय कमी. विषय संपला.

रक्तावरून वय काढणारे जे कॅल्क्युलेटर फिरतात त्यातले बरेचसे 'फिनोएज'चे असतात. मॉर्गन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलेला फॉर्म्युला. त्यात नऊ टेस्ट लागतात: अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (मसलमधून तयार होऊन किडनीवाटे बाहेर जाणारा टाकाऊ पदार्थ), ग्लुकोज, सीआरपी (शरीरातली सूज-जळजळ दाखवणारं प्रोटीन), लिम्फोसाइटची टक्केवारी, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारात किती फरक आहे ते), अल्कलाइन फॉस्फटेज आणि डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींची संख्या). कोलेस्टेरॉल नाही, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) नाही. आणि दहावी गोष्ट म्हणजे तुमचं खरं वय, जे आधीच आत टाकलेलं असतं, त्यामुळे उत्तर खऱ्या वयाच्या आसपास आलं की 'बघा किती अचूक' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. (याच नावाचं, डीएनएवरच्या रासायनिक खुणा म्हणजे मिथायलेशन तपासणारं महागडं प्रकरणही आहे, ते आज बाजूला ठेवू.)

आता गोंधळाचं मूळ. हा फॉर्म्युला तुमचं शरीर किती झिजलंय ते मोजतच नाही. तो विचारतो की असा रिपोर्ट असलेला माणूस पुढच्या दहा वर्षांत दगावण्याची शक्यता किती, आणि मग तेवढी शक्यता सरासरी माणसाला कितव्या वर्षी असते ते वय तुमच्या हातात देतो. सरासरी माणूस म्हणजे तरी कोण, तर १९८८ ते ९४ या काळात अमेरिकेत झालेल्या आरोग्य सर्व्हेतले लोक. म्हणजे मशिन शरीराच्या बांधणीवर बोलतं, रक्ताचा फॉर्म्युला मृत्यूच्या जोखमीवर.

म्हणूनच एकाच माणसाबाबत दोघं उलटसुलट बोलतात. रोज वजनं उचलणारा, वर क्रिएटीन पावडर घेणारा पोरगा मशिनवर तरुण दिसतो, पण त्याचं क्रिएटिनिन ०.९ ऐवजी १.२ आलं की रक्ताच्या हिशोबात तो जवळपास तीन वर्षांनी म्हातारा, किडन्या ठणठणीत असल्या तरी. उलट हाडकुळ्या, मसल नसलेल्या माणसाला कमी क्रिएटिनिनचं बक्षीस मिळतं!

सीआरपीचंही तसंच. सर्दी-ताप, दाढेचं दुखणं, काहीही असलं की सीआरपी चढतं, आणि ते १ वरून १० झालं तर वय सुमारे अडीच वर्षं वाढतं. ताप उतरला की ती वर्षं परत जातात. दणकून व्यायाम केला तरी ते चढतं, म्हणून रविवारी सिंहगड चढून सोमवारी सकाळी सॅम्पल घ्यायला घरी आलेल्या लॅबच्या मुलाला रक्त देऊ नका, एवढं तरी करा.

सगळ्यात जास्त चीड मला आरडीडब्ल्यूवरून येते. त्यात एक टक्का वाढला की साडेतीन वर्षांहून जास्त भर पडते, इतकं वजन आहे त्याला. आणि आपल्याकडे आरडीडब्ल्यू वाढायचं नेहमीचं कारण काय? लोह कमी, बी१२ कमी. आरडीडब्ल्यू १३ ऐवजी १६ आलेली चाळिशीतली बाई एका फटक्यात दहा-अकरा वर्षांनी मोठी होते, आणि गंमत म्हणजे लोहाच्या कमतरतेने एमसीव्ही उतरलं की फॉर्म्युला त्यातली काही वर्षं परत करतो, जणू अ‍ॅनिमिया म्हणजे तारुण्य. तिला ग्रुपवरच्या 'एज रिव्हर्सल' टिप्स नकोत, डॉक्टरांना विचारून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ बघायला हवं.

तरी वय काढायचंच असेल तर एकाच लॅबमध्ये, बरं असताना, वर्षाकाठी एकदा काढा आणि स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघा. पॅकेजमध्ये सीआरपी आहे का ते आधी बघा, बऱ्याचदा नसतं. रिपोर्टवर आरडीडब्ल्यूचे दोन आकडे असतील तर टक्क्यातला घ्यायचा. आणि युनिट, युनिट, युनिट. मूळ फॉर्म्युल्याला आपल्या रिपोर्टवरची युनिट चालत नाहीत: ग्लुकोजला १८ ने भागायचं, क्रिएटिनिनला ८८.४ ने गुणायचं, अल्ब्युमिनला १० ने. ग्लुकोज ९५ तसंच टाकलं तर वय दोनशेच्या वर जातं किंवा सरळ एरर येते, म्हणजे कळतं तरी. क्रिएटिनिन ०.९ तसंच टाकलं की वय आठेक वर्षांनी कमी येतं, आणि ते मात्र कुणी परत तपासत नाही, थेट ग्रुपवर टाकतात.