भित्र्या कुत्र्याचं सोशलायझेशन

भित्र्या कुत्र्याचं सोशलायझेशन म्हणजे अनोळखी माणसं, दुसरी कुत्री, गाड्या, लिफ्ट, कुकरची शिट्टी अशा ज्या ज्या गोष्टींना कुत्रं घाबरतं त्यांची त्याला झेपेल एवढीच, लांबून आणि काहीतरी आवडीचं खायला देत ओळख करून देणं. बऱ्याच जणांना वाटतं की कुत्र्याला चारचौघांत नेलं, गर्दीत फिरवलं की भीती आपोआप जाईल. तसं होत नाही, उलट वाढते. या सगळ्या प्रकारात मुख्य गोष्ट एकच, भीतीच्या वस्तूपासून किती लांब राहायचं हे कुत्र्याने ठरवायचं, आपण नाही.

पिल्लाच्या वयाचे साधारण ३ ते १२ आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरीत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वागण्यावर बरीच वर्षं काम केलं, तिथलाच १९६१ साली छापून आलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत काही पिल्लं माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली आणि वेगवेगळ्या वयात थोड्या थोड्या दिवसांसाठी माणसांत आणली. ज्यांना १४ आठवडे होईपर्यंत माणूस भेटलाच नाही ती रानातल्या जनावरासारखी बुजरी झाली. आपल्याकडे नेमक्या याच काळात लसीकरण पूर्ण झालेलं नसतं, पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची भीती असते म्हणून पिल्लाला घराबाहेर काढतच नाहीत. भीती खरी आहे, पण अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेविअर या संस्थेने २००८ मध्येच सांगितलं की पहिली लस होऊन निदान ७ दिवस झाले की ७-८ आठवड्यांच्या पिल्लाला पपी क्लासला, म्हणजे पिल्लांच्या शिकवणीला, न्यायला हरकत नाही. तोपर्यंत कडेवर घेऊन गॅलरीतून, गेटपाशी उभं राहून रहदारी दाखवता येते, जमिनीवर सोडायची गरजच नाही.

मोठं झालेलं कुत्रं दत्तक घेतलं तर हा काळ उलटून गेलेला असतो पण सुधारणा होते, फक्त वेळ जास्त लागतो. पुण्या-मुंबईत रस्त्यावरून घरात आलेल्या देशी कुत्र्यांबाबत एक गोष्ट हमखास दिसते, आपल्या गल्लीत बिनधास्त असलेलं कुत्रं फ्लॅटमध्ये आलं की पलंगाखालून बाहेर येत नाही, कारण चकचकीत टाइल्सवर पाय घसरतात, लिफ्टचं दार आपोआप बंद होतं, मिक्सर लागतो आणि पळायला वाट कुठेच नसते. अशा वेळी आधी घसरणाऱ्या फरशीवर सतरंजी टाका, एक कोपरा त्याचा म्हणून ठेवा जिथे कोणी हात घालणार नाही, आणि पहिले काही दिवस पाहुणे बोलावू नका. नवीन कुत्रं आलंय म्हणून अख्खी बिल्डिंग बघायला येते, हे प्रेमानेच होतं पण त्या जनावराचे हाल होतात.

भीती ओळखता येणं हे अर्धं काम. शेपटी पायात आणि कान मागे हे सगळ्यांना कळतं, पण त्याच्या आधीच्या खुणा सुटतात: झोप नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, तोंड वळवून डोळ्याच्या कडेने बघणं, एक पंजा उचलून थिजणं. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे घरी आवडीने खाल्लेलं चिकन बाहेर तोंडात न घेणं, म्हणजे आपण फार जवळ आलोय, मागे फिरा. गुरगुरल्यावर ओरडू नये, ती सूचना आहे. ती दाबली तर कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावू शकतं.

समजा कुत्रं गेटवरच्या वॉचमनकाकांना घाबरतं. काका दिसतील पण कुत्रं अजून खाऊ शकेल एवढ्या लांब उभं राहायचं. काका दिसले की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा, काका आड गेले की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा, आधी काका मग चिकन, उलटं केलं तर चिकन दिसलं की आता काहीतरी भयंकर येणार असं कुत्रं शिकतं. काही दिवसांनी काका दिसल्यावर ते स्वतःहून तुमच्याकडे बघायला लागलं, माझं चिकन कुठेय म्हणून, की मगच दोन पावलं पुढे. याला डीसेन्सिटायझेशन आणि काउंटर-कंडिशनिंग म्हणतात. मूळ कल्पना जुनी आहे, १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती अशीच खाऊ देत देत, ससा हळूहळू जवळ आणत घालवली होती.

पाहुण्यांनी हातावर खाऊ ठेवून बोलावू नये. खाऊच्या मोहाने कुत्रं झेपतं त्यापेक्षा जवळ येतं, खाऊ संपला की दचकतं आणि तिथेच चावण्याचे प्रकार होतात. त्यापेक्षा बाजूला तोंड करून खाली बसावं, डोळ्यात बघू नये आणि तुकडा कुत्र्याच्या मागे टाकावा, म्हणजे लांब जायलाही बक्षीस मिळतं आणि परत यायचं की नाही हे त्याच्या हातात राहतं. जवळ आलंच तर डोक्यावरून हात न नेता छातीपाशी तीन सेकंद खाजवून थांबायचं. पुन्हा अंग लावलं तर पुढे.

आवाजांसाठी फटाक्यांचं, ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावून सोबत खाऊ द्यायचा आणि आवाज थोडा थोडा वाढवायचा, पण हे गणपती-दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी सुरू करावं लागतं. ऐन दिवाळीत ट्रेनिंग नाही, फक्त खिडक्या बंद, पंखा चालू आणि तुम्ही जवळ. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते हा गैरसमज आहे, त्याला हवं असेल तर खुशाल कुशीत घ्या. दिवाळीनंतर काही दिवस त्याला नवीन काहीच दाखवू नका, ताण साठत जातो आणि एरवी चालणाऱ्या स्कूटरलाही ते घाबरतं.

भित्रं कुत्रं मागे सरकून पट्ट्यातून मान काढतं आणि ट्रॅफिकमध्ये धावत सुटतं, म्हणून नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातली कॉलर दोन्हीला लीश लावा. एकदम भीती वाढली तर आधी व्हेटकडे, दुखणं हे कारण असू शकतं. फार त्रास असेल तर व्हेट फ्लुओक्सेटिनसारखं भीती-चिंता कमी करणारं औषध देतात आणि त्यात कमीपणा नाही, पण मनाने काही देऊ नये.

हीच पद्धत गल्लीतल्या बुजऱ्या कुत्र्यांसाठी फीडर मंडळी, म्हणजे त्यांना रोज खायला घालणारे लोक, वापरतात. रोज एकाच वेळी, एकाच जागी वाटी ठेवून मागे सरकायचं, अंतर हळूहळू कमी करायचं, मग हार्नेसची सवय. अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल रूल्स २०२३ नुसार नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्र्याला उचललेल्या जागीच परत सोडायचं असतं, आणि हाताला सरावलेलं कुत्रं नसबंदीला न्यायला जाळी टाकून पकडावं लागत नाही.