जनसंपर्क (लहान सामाजिक संस्थांचा)

गाव-तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या वाचनालये, वसतिगृहे, वृद्धाश्रम, बालगृहे अशा संस्थांनी आपले काम लोकांपर्यंत पोहोचवून पैसा, वस्तू आणि कार्यकर्ते मिळवण्याची रीत. येथे ज्याला लाभ होतो तो पैसे देत नाही, आणि जो देतो त्याच्या हाती पावतीखेरीज काही पडत नाही. म्हणून कंपन्यांची जाहिरातविद्या जशीच्या तशी उचलून चालत नाही.

महाराष्ट्रात ही रीत शतकाहून जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला. त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काचकारखाना निघाला. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने दिवाळीतल्या ओवाळणीलाच निधीचे रूप दिले. ‘भाऊबीज’ मागायला कार्यकर्ते दारोदार जातात, आणि देणाऱ्याला भीक घातल्यासारखे न वाटता नाते जोडल्यासारखे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी (स्थापना १९१९) घरोघरच्या बायका वसतिगृहातल्या मुलांकरिता मूठभर धान्य बाजूला काढत, हा मुष्टिफंड. तिन्हींत मागणी इतकी लहान की नाही म्हणणे जड जावे, पण घरे असंख्य. आजच्या संस्था मात्र एकाच मोठ्या देणगीदाराची वाट पाहत बसतात, हा उलटा प्रवास आहे.

मागणी नेमकी असावी लागते. ‘समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी सढळ हस्ते मदत करा’ या ओळीने कोणाचा हात खिशाकडे जात नाही. ‘जूनपूर्वी पाचवीच्या मुलींना सायकली हव्यात, एकीचा खर्च इतका’ या ओळीने जातो. वसतिगृहांतली ‘तिथी’ याच जातीची: वडिलांच्या स्मृतिदिनी एक दिवसाचे जेवण. तिथी लिहून घेतलेली वही ही संस्थेची खरी संपर्कयादी. पुढल्या वर्षी आठ दिवस आधी फोन गेला तर देणगीदार टिकतो. पोच मात्र लगेच द्यावी. पैसे मिळाले की गप्प आणि मार्चअखेर पुन्हा हजर, अशा संस्थेला लोक ओळखून असतात.

वर्तमानपत्राची साथ मिळाली तर पल्ला वाढतो. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा गणेशोत्सवातला उपक्रम निवडक संस्थांची ओळख छापतो आणि वाचक धनादेश पाठवतात. अलीकडे व्हॉट्सअ‍ॅप गट आणि क्यूआर कोड आले, तरी पावतीपुस्तक सुटलेले नाही. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत नाही, हे मागतानाच सांगितलेले बरे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या दारात जायचे तर सीएसआर-१ (असा कंपनी-निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारदरबारची नोंदणी) आणि तपासलेले हिशेब हवेत. भावनिक पत्रक तिथे वाचले जात नाही.

छायाचित्रांबाबत संस्था सर्वाधिक बेफिकीर असतात. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. त्यामुळे बालगृहाच्या पत्रकावर मुलांनी काढलेली चित्रे, स्वयंपाकघर, नवी खोली असेच काही छापावे लागते. अनुदानाचा धनादेश घेताना रांगेत उभी केलेली मुले नव्हेत.