इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेण्यापूर्वी
डाळी, कडधान्यं आणि भाज्यांवर चालणाऱ्या घरांसाठी आमच्या मुंबईतल्या दुकानाचं माहितीपत्रक

दूध-तूप-पनीर वगळून स्वयंपाक करणाऱ्या घरात आठवड्यातले चार-पाच दिवस तरी कडधान्य भिजलेलं असतं: कधी मटकी, कधी छोले, कधी काळे वाटाणे. अशा घराला बटणांवर चालणारा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर खरंच उपयोगी पडतो. एकदा लावला की शेगडीपाशी उभं राहायला नको, शिट्ट्या मोजायला नकोत. पण तुमच्याकडे रोज फक्त वरण-भात लागत असेल तर हा कुकर घेऊ नका. त्या कामात गॅसवरचा कुकर लवकर मोकळा होतो.

डिस्प्लेवरची मिनिटं आणि घड्याळातली मिनिटं

गॅसवरच्या कुकरची शिट्टी साधारण 15 पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाबाला उचलते, तेव्हा आत 120 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर ‘हाय’वर 10 ते 12 पीएसआयलाच थांबतात, म्हणजे 115 ते 118 अंश. त्यामुळे गॅसच्या कुकरसाठी दिलेली वेळ इथे 15 ते 20 टक्के वाढवावी लागते. शिट्ट्यांचं मात्र मिनिटांत रूपांतर करत बसू नका. तीन शिट्ट्या कधी सहा मिनिटांत होतात, कधी बारा. शेगडी केवढी आणि कुकर किती भरलेला, यावर ते ठरतं.

डिस्प्लेवरचे आकडे उलटे मोजले जातात ते आत दाब धरून झाकणावरची छोटी पिन वर आल्यावरच. अर्धा किलो छोले (कोरडे असतानाचं वजन) भिजवून लिटरभर पाण्यात लावले, तर 1000 वॉटच्या कुकरला पिन वर यायला साधारण 15 मिनिटं लागतात. मग शिजायची 25 मिनिटं, आणि आपोआप वाफ जिरायला आणखी 20. ‘25 मिनिटं’ म्हणून लावलेले छोले ताटात यायला तास जातो. विजेचं म्हणाल तर पहिल्या 15 मिनिटांत पाव युनिट खर्च होतं. पुढे हीटर मधूनमधूनच चालू होतो.

किती लिटरचा?

खोक्यावरचे लिटर काठोकाठ भरलेल्या भांड्याचे असतात. डाळ, कडधान्य, भात फुगतात आणि फेस धरतात, म्हणून त्यांच्यासाठी भांडं निम्मंच भरायचं. भाजी किंवा सार असेल तर दोन-तृतीयांश. या हिशेबाने 3 लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी पाव किलोहून जास्त कोरडं कडधान्य घेऊ नये. दोघांना तो पुरतो. चौघांच्या घराला 5.7 किंवा 6 लिटरचा घ्या. 8 लिटरचा डबे पुरवणाऱ्यांना किंवा एकत्र कुटुंबालाच परवडतो, कारण वाफ धरायला त्यात किमान अर्धा लिटर पाणी लागतं. 6 लिटरला साधारण 375 मिलि, 3 लिटरला 250 मिलि पुरतं. वाटीभर चवळी मोठ्या कुकरात लावली की ती पाण्यातच पोहते.

मुंबईच्या ओट्यावर लिटरइतकीच उंचीही बघावी लागते. 6 लिटरचा कुकर फूटभराहून उंच असतो, आणि झाकण उचलायला वर आणखी वीतभर जागा हवी. वाफ सोडायचा व्हॉल्व्ह वरच्या कपाटाखाली आला, तर दोन-तीन महिन्यांत प्लायवूड फुगतं आणि लॅमिनेटची कड सुटते. वाफ सोडताना कुकर पुढे, ओट्याच्या कडेला ओढा किंवा खिडकीशी ठेवा.

आतलं भांडं

आमचा आग्रह स्टीलच्या भांड्याचा, तेही 304 ग्रेडच्या, जाड तळाच्या. आपल्या स्वयंपाकात चिंच, कोकम, टोमॅटो रोजचेच. अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या पृष्ठभागावर आंबट पदार्थांचा परिणाम होतो. नॉनस्टिक भांड्यात भात चिकटत नाही हे खरं, पण घरात सगळे डाव-पळ्या स्टीलच्या असतील तर वर्षभरात लेपावर चरे पडतात. स्टीलच्या भांड्यावर निळसर-इंद्रधनुषी डाग दिसले तर घाबरू नका, व्हिनेगर किंवा लिंबाने जातात.

गॅसच्या कुकरचे डबे यात वापरायचे असतील तर आधी डब्याचा व्यास मोजून आणा. 6 लिटरचं भांडं आतून साधारण 22 सेंटिमीटर असतं. डब्याभोवती चारही बाजूंनी बोटभर जागा सुटायला हवी, नाहीतर गरम डबा बाहेर काढताना हात भाजतो.

बटणं

चौदा प्रोग्रॅमचा कुकर सात प्रोग्रॅमच्या कुकरपेक्षा दुप्पट कामाचा नसतो. ‘राइस’, ‘बीन्स’, ‘सूप’ ही बहुतेक बटणं म्हणजे आधी ठरवून ठेवलेला दाब आणि वेळ. पैसे या गोष्टींना द्या: वेळ आणि दाब हाताने ठरवता येणारं बटण, फोडणीसाठी कमी-जास्त करता येणारा ‘सॉते’ मोड, आणि शिजल्यावर ‘कीप वॉर्म’ बंद करायची सोय. ते बंद करता आलं नाही तर वरण तासाभरात घट्ट होऊन तळाला धरतं.

दही लावायच्या मोडसाठी मुंबईत जास्त पैसे मोजू नका. शेंगदाण्याच्या किंवा सोयाच्या दुधाचं दही इथे मे महिन्यात ओट्यावरच पाच-सहा तासांत लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेवढा या मोडचा उपयोग होतो. दूध आधी उकळून 42 अंशांपर्यंत, म्हणजे बोट सहज बुडवता येईल इतकं, निववून मगच विरजण घाला.

‘डिले स्टार्ट’ चांगली सोय आहे, पण जपून. रात्री दहाला भिजवून सकाळी चारला शिजायला सुरुवात होईल असं लावलं तर ठीक. उन्हाळ्यात 30 अंशांच्या पाण्यात आठ तासांहून जास्त राहिलं की पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. त्यापेक्षा रात्रभर फ्रिजमध्ये भिजवणं बरं.

प्लग आणि परदेशातून आलेला कुकर

1000 वॉटचा कुकर 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर करंट ओढतो. सरळ भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्डावर कुकर आणि मिक्सर एकत्र नकोत.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला कुकर 120 व्होल्टचा असतो. इथे तो नुसता अ‍ॅडॉप्टर लावून चालू केला तर हीटरवर साडेतीन पटीहून जास्त भार येतो आणि तो जळतो. फोन-लॅपटॉपचा छोटा कन्व्हर्टर कामाचा नाही. किमान 1500 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मिळतो, पण जड असतो, जागा अडवतो, आणि तेवढे पैसे घातल्यावरही वॉरंटी इथली नसते.

कडधान्य गणंग का राहतं

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात, आणि बहुतेक वेळा कुकरचा दोष नसतो. महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ आहे, त्यात कडधान्य नीट शिजतं. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी आलं की त्यातल्या कॅल्शियममुळे दाण्याची सालं घट्ट होतात आणि त्याच वेळात तेच छोले कडक राहतात. अशा दिवसांत शिजवायला आरओ फिल्टरचं पिण्याचं पाणी घ्या, किंवा भिजवताना वाटीभर छोल्यांना पाव लहान चमचा खाण्याचा सोडा घालून नंतर धुऊन टाका.

आंबटाचंही तसंच. चिंच, कोकम, टोमॅटो दाणा मऊ होण्याआधी पडले तर तो मऊ व्हायला फार वेळ घेतो. अळूच्या फदफद्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे अळूबरोबर आधी शिजवा, चिंचेचा कोळ झाकण उघडल्यावर घालून सॉतेवर चांगली उकळी आणा. चिंच विसरू नका, नाहीतर घसा खवखवेल. मिठामुळे कडधान्य शिजत नाही असं घरोघरी सांगतात, त्यात तथ्य नाही. भिजवताना मीठ घातलं तर साल उलट मऊ पडते. आणि वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या राजम्याला कुठलाच कुकर वठणीवर आणत नाही.

वेळा ‘हाय’ दाबाच्या, रात्रभर भिजवलेल्या दाण्यांसाठी: छोले आणि राजमा 25 मिनिटं, काळे वाटाणे 20, चवळी 6 ते 8. तूरडाळ अर्धा तास भिजवून, एकास तीन पाणी, 6 ते 8 मिनिटं. पांढरा भात एकास सव्वा पाणी, 5 मिनिटं. पहिल्यांदा या वेळा पाळा, मग आपल्या दाण्याप्रमाणे दोन-तीन मिनिटं इकडे-तिकडे करा. मोड आलेली मटकी ‘लो’वर 1 मिनिट, बस्स. सोललेल्या डाळिंब्या प्रेशरला लावूच नका, लगदा होतो. सॉतेवर, वर ताटलीत पाणी ठेवून, नेहमीसारख्या वाफवा.

एक इशारा गंभीरपणे घ्या. काही कुकरांत ‘स्लो कुक’ मोड असतो. कच्चा राजमा त्यात कधीही घालू नका. राजम्यात असलेलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही, आणि असा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. भिजवलेलं पाणी टाकून, नवीन पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळ उकळून किंवा प्रेशरला शिजवूनच पुढे जा.

‘बर्न’ आणि न धरणारं प्रेशर

डिस्प्लेवर ‘बर्न’ आलं म्हणजे तळ सेन्सरच्या मर्यादेपलीकडे तापला. कारण बहुतेक वेळा फोडणीतच असतं: कांदा-मसाला तळाला चिकटला आणि त्यावर तसंच झाकण लागलं. फोडणी झाली की अर्धी वाटी पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडून मोकळा करा. टोमॅटोची प्युरी सगळ्यात वर ओता आणि ढवळू नका. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, काजूची पेस्ट, नारळाचं दूध हे सगळं झाकण उघडल्यावर. नारळाचं दूध प्रेशरखाली फुटतंही.

पिन वरच येत नसेल तर क्रमाने बघा. व्हॉल्व्ह ‘सीलिंग’वर, म्हणजे बंद, आहे का? झाकणातली सिलिकॉनची रिंग सगळीकडून खाचेत बसली आहे का? पिनच्या भोकात छोल्याचं साल अडकलं आहे का? पाणी किमान मापापेक्षा कमी तर नाही? कुकर घरी आला की अन्न लावण्याआधी नुसतं तीन वाट्या पाणी घालून ‘हाय’वर 5 मिनिटं चालवा. कडेने वाफ निसटते का ते तेव्हाच कळतं.

डाळीची वाफ एकदम सोडू नका. पिवळा फेस व्हॉल्व्हमधून उडतो, व्हॉल्व्ह तुंबतो, आणि हळदीचे डाग भिंतीवरून निघत नाहीत. किमान 10 मिनिटं आपोआप जिरू द्या. लावताना चमचाभर तेल घातलं तर फेस कमी येतो.

रिंग, पावसाळा, झुरळं

सिलिकॉनची रिंग हिंग-लसणाचा वास धरते आणि सोडत नाही. उसळी-आमटीला एक, भात-खिरीला दुसरी, अशा दोन ठेवा. दीड वर्षाच्या आत बदला. चीर दिसली तर लगेच. पावसाळ्यात झाकण लावून ठेवलेल्या कुकरात रिंगेखाली बुरशी येते, म्हणून झाकण उलटं करून ठेवा आणि रिंग काढून वाळवा. मागच्या बाजूची, वाफेचं पाणी साठणारी छोटी वाटी दर वेळी ओता.

मुंबईत आणखी एक शत्रू आहे. खालच्या हवेच्या फटींतून झुरळं उबेला आत शिरतात आणि सर्किट बोर्डावर बसतात. कुकर थंड झाला की प्लग काढून बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, सांडलेली आमटी लगेच टिपा. आतलं भांडं न ठेवता पाणी ओतलं गेलं तर कुकर चालू करू नका. प्लग काढून आमच्याकडे आणा.

रिंग किंवा भांडं मागायला येताना कुकरच्या तळाच्या स्टिकरचा फोटो घेऊन या. त्यावर मॉडेल नंबर आणि लिटर दोन्ही असतात. ‘सहा लिटरचा आहे’ एवढ्यावरून योग्य रिंग देता येत नाही.